कौल लावून बसलेली नवरी

शंभू गुरवाने तगरीचं फूल तांब्यातल्या पाण्यात बुडवलं आणि भैरोबाच्या उजव्या खांद्यावर अंगठ्याने दाबून बसवलं. दुसरं डाव्या खांद्यावर. मग दोन पावलं मागे सरून त्याने गौतमीकडे पाहिलं.

"आता मनात धर. उजवं पडलं तर व्हय, डावं पडलं तर न्हाई. आन् एक ध्यानात ठेव, कौल मिळंस्तवर जाग्यावरनं उठायचं न्हाई."

"किती वेळ लागतो, आप्पा?"

"ते देवाच्या मनावर. तुझ्या बाच्या बोअरच्या टायमाला दोन मिंटांत पडलं हुतं."

गौतमीने घड्याळ पाहिलं. सात चाळीस. हिंजवडीची कंपनीची गाडी साडेआठला घोटवडे फाट्यावर यायची. लग्न अकरा दिवसांवर. तिने हात जोडले, डोळे मिटले आणि मनातल्या मनात एकदम स्पष्ट विचारलं, पियूषशी लग्न करू का नको?

आता कुणी म्हणेल, सुपारी फुटली, पत्रिका वाटून झाल्या, मांडवाला इसार गेला, आणि ही बया आता विचारतेय! पण पियूषचं प्रकरणच तसं होतं. खोट काढायला जावं तर हाती काही लागत नव्हतं. मूळचा बार्शीचा, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, सुपारीचंही व्यसन नाही. चार वर्षांपूर्वी गौतमीच्या वडिलांनी, चंद्रकांतरावांनी, रस्त्याकडेला बांधलेल्या खोल्यांपैकी तीन नंबरच्या खोलीत तो भाड्याने आला. चार वर्षांत त्याने एकही तक्रार केली नाही. चंद्रकांतराव चावडीवर सांगायचे, "असला भाडेकरू हुडकून सापडायचा न्हाई. ह्याला जावईच करून टाकतो." लोकांना ती गंमत वाटली, पण त्यांनी खरंच बार्शीला माणूस पाठवून जातपात, गणगोत विचारून घेतलं आणि जमवून टाकलं.

गौतमीनेही नाही म्हटलं नव्हतं. उलट एकदा तिची स्कूटी पंक्चर झाली, तेव्हा हा कुणी न सांगता ती फाट्यापासून घरापर्यंत ढकलत घेऊन आला होता, आणि वर घाम पुसत हसला होता. ते हसू तिला आवडलं होतं. तो आवडत होता, हीच तर सगळी पंचाईत होती.

कारण साखरपुड्यानंतर तिला कळलं, की ह्या माणसाकडे एकच शब्द आहे. चालेल. कार्यालय पौडचं का पिरंगुटचं? चालेल. त्याची बहीण म्हणाली, शेरवानी मोरपिशी घेऊ. चालेल. मामा म्हणाले, छे, किरमिजीच. चालेल. दोन्ही शिवून आल्या. बँडवाला विचारायला आला, त्यालाही चालेल आणि डीजेवाला आला, त्यालाही चालेल. आता त्या दोघांची आपसात जुंपली होती आणि दोघंही म्हणत होते, नवरदेवाने शब्द दिलाय.

त्यात ऑफिसातल्या किमयाने तिला एक कोरियन सिनेमा पाहायला लावला. त्यात लग्न ठरलेली जोडपी असतात आणि लग्नाच्या तोंडावर एकेकाच्या मनात पाल चुकचुकते. कुणी लिफ्टमध्ये रडतं, कुणी दुसऱ्या देशात पळतं. शेवटी मात्र सगळे गडी जिवाच्या आकांताने धावत सुटतात, तिच्याशिवाय जगू शकत नाही म्हणून. गौतमीने तो दोनदा पाहिला. पियूष असा धावेल का, हे तिने फार प्रामाणिकपणे डोळ्यांसमोर आणून बघितलं. तिला तो फक्त रस्त्याच्या कडेला थांबून गाड्यांना वाट देताना दिसला.

रविवारी दोघं मुळशीच्या पाण्याच्या बाजूला फिरायला गेली. टपरीवर भजी खाताना तिने विचारून टाकलं, "पियूष, खरं सांग. मी चालेन ना तुला?"

त्याने भजं चटणीत बुडवलं. "चालेल की."

गौतमीने हातातलं भजं कागदावर ठेवलं आणि त्या दिवशी पुढे काही खाल्लं नाही. माणूस सांगत नसेल तर देवाला विचारू, असं तिने तिथंच ठरवलं.

आणि आता देवही सांगत नव्हता. आठ वाजले. फुलं जिथल्या तिथं. शंभू गुरवाने समईची वात पुढे केली, देवाच्या जवळ जाऊन उगाच दोनदा खाकरला, पण पाकळीसुद्धा हलली नाही.

शंभूला कारण कळलं होतं. परवाच गौतमीच्या आईने, आशालताबाईंनी, लेकीचं लग्न ठरल्याचा नवस म्हणून देवाला सव्वा किलो शेंदूर दिला होता. शंभू प्रामाणिक माणूस. त्याने त्यातला चिमूटभरही मागे न ठेवता सगळाच्या सगळा तेलात कालवून देवाला चढवला होता. लेप अजून ओला होता. फुलं त्यात अशी रुतली होती, की वरातीत घोडा नाचला असता तरी पडली नसती. पण हे बोलायचं कसं? देवाला फुलं चिकटली म्हणून सांगणाऱ्या गुरवाकडे उद्या कोण येणार? तो मोठ्याने स्तोत्र म्हणू लागला.

"आप्पा, मी जाऊन संध्याकाळी येऊ का? गाडी चुकेल."

"खुळी का काय? कौल अर्धा टाकून गेलेलं माणूस पुन्ना सात वर्सं देवाला काय इचारू शकत न्हाई."

तेवढ्यात चंद्राबाई दिव्याला तेल घालायला आली. ही गौतमीच्या वडिलांची चुलत बहीण. गुडघ्याने अधू, पण कानाने आणि तोंडाने एकदम धडधाकट.

"कसला कौल गं लावलायस सकाळच्या पारी?"

"नोकरीचा, आत्या. लग्नानंतर नोकरी सोडू का, विचारतेय."

"आकरा दिसांवर लगीन आन् नोकरीचा कौल? म्या काय काल जल्मले व्हय?"

चंद्राबाईने तेल निम्मं दिव्यात आणि निम्मं फरशीवर ओतलं. आली होती त्याच्या दुप्पट वेगाने ती पायऱ्या उतरली, आणि गुडघ्यांनीही त्या वेळी काही कुरकुर केली नाही.

दहा मिनिटांत आशालताबाई हजर. हाताला भाकरीचं पीठ तसंच.

"कार्टे! काय मांडलंयस हे? ऊठ आधी!"

"उठता येत नाही आई. विचार आप्पांना."

आशालताबाईंनी शंभूकडे पाहिलं. शंभूने मान हलवली. रीत त्यांनाही ठाऊक होती. लेकीला दंडाला धरून ओढायला पुढे गेलेला हात त्यांनी पदराला पुसला आणि खांबाला टेकून त्याही बसल्या.

"काय कमी हाय गं त्या पोरात?"

"काहीच कमी नाही. पण त्याला मी पाहिजे का, हेच मला कळत नाही. उद्या माझ्या जागी किमया उभी केली, तरी हा चालेल म्हणेल."

"मग? चांगलंच हाय की. तुझ्या बापाला अठ्ठावीस वर्सांत माझं कायबी चाललं न्हाई."

बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. पियूषने चपला बाहेर काढल्या पण हेल्मेट काढायचं विसरला आणि तसाच सभामंडपात येऊन उभा राहिला. देवानेही त्याला ओळखलं असेल का, शंका होती.

"आत्या म्हणाल्या," तो हेल्मेटच्या आतून म्हणाला, आणि अडखळला. "म्हणाल्या की तू..."

"खरं म्हणाल्या."

"बरं."

"बरं? एवढंच?"

"नाही म्हणजे, मी थांबू का जाऊ?"

"तुला काय वाटतं?"

"तू म्हणशील तसं."

गौतमीने आईकडे अशी नजर टाकली, की आशालताबाईंनी पहिल्यांदाच मान खाली घातली.

पियूषने हेल्मेट काढलं आणि दोन हात अंतरावर मांडी घालून बसला. फाट्यावरून गाडीवाल्याचा फोन आला, गौतमीने कापला. परत आला, तिने फोन बंद केला. आता जाऊ दे गाडी खड्ड्यात.

"तुझं स्वतःचं असं काही आहे का नाही रे?" ती हळूच म्हणाली. "आवडणारं, नावडणारं? राग कसला येतो तुला? चार वर्षं आमच्या दारात राहतोस, मला तुझी एक आवड सांगता यायची नाही."

पियूषने हेल्मेटचा पट्टा उलटसुलट केला.

"मी पाचवीपासून मामाकडे होतो. मग हॉस्टेल. मग पुण्यात पाच जणांत एक फ्लॅट. मग तुमची खोली. दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्याने ताटात पडेल ते खायचं असतं, गौतमी. मामीला एकदा म्हटलं होतं, दोडका नको. ती काही बोलली नाही. नुसती मामाकडे बघून हसली. तेव्हापासून मी दोडकाही मागून घ्यायला लागलो."

हे गौतमीला माहीत नव्हतं. कसं माहीत असणार, तो कधी बोलला नव्हता आणि तिने कधी विचारलं नव्हतं.

"म्हणजे माझ्याशी लग्न म्हणजेसुद्धा तुला दुसऱ्याचंच घर?"

"तसं नाही. तुझं म्हणजे..."

चंद्राबाई पायऱ्या चढून परत आली होती, सोबत दोघी शेजारणी. आल्या आल्या तिने रिवाजाप्रमाणे हात वर करून घंटेला असा टोला दिला, की छपरावरची पारवी उडाली. आणि भैरोबाच्या खांद्यावरून फूल निसटलं, पोटावरून घरंगळलं आणि पायाशी पडलं.

डावं.

शंभू गुरवाने वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि घसा साफ केला.

"देवानं... न्हाई सांगितलंय."

आपण मघापासून नुसत्या उजव्या फुलाकडे बघत होतो, ते पडावं म्हणून मनात देवाला गळ घालत होतो, हे गौतमीला आत्ता कळलं. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने ओढणीने पुसलं. आशालताबाईंनी तोंडाला पदर लावला.

"एक मिनिट," पियूष म्हणाला.

तो उठून गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी गेला. चौकटीला हात टेकून, मान वाकडी करून त्याने देवाचा उजवा खांदा पाहिला, डावा पाहिला, मग खाली पडलेलं फूल पाहिलं. त्याची नोकरी नेमकी कसली, हे गावात कुणीच कधी विचारलं नव्हतं. कंपनीत इतरांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या, ह्याचा तो पगार घेत असे. तिथली पोरं त्याला घाबरून असत.

"आप्पा, ही दोन फुलं सारखी नाहीत. उजवीकडची अर्धी कळी आहे. डावं पूर्ण उमललेलं, जड फूल."

"आता फुलं काय तागडीत तोलून घ्यायची व्हय?"

"घ्यायला पाहिजेत. माणसाच्या जन्माचा प्रश्न आहे. आणि शेंदूर बघा. उजव्या खांद्यावर बोटभर थर आहे, डाव्यावर निम्मासुद्धा नाही. म्हणजे उजवं फूल पडणार कसं? ते दिवाळीपर्यंत पडायचं नाही."

शंभूने आशालताबाईंकडे पाहिलं. आशालताबाई छताकडे पाहू लागल्या.

"आणि तिसरं," पियूष मागे वळला. त्याचा आवाज चढला होता. "घंटा कुणी वाजवली?"

"म्या वाजवली," चंद्राबाई म्हणाली. "का रं? देवळात येऊन घंटा बी वाजवायची न्हाई?"

"कौल चालू असताना नाही वाजवायची! तुम्ही वाजवलीत, दगड हादरला, फूल पडलं. देव काही बोललेलाच नाही. बोलल्या आहात तुम्ही!"

चंद्राबाईला तिच्या तोंडावर असं आजवर सरपंचसुद्धा बोलला नव्हता. तिने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"जावईबापू, सबूर," आशालताबाई म्हणाल्या.

"कसली सबूर! मला हा कौल मान्य नाही. अजिबात मान्य नाही. आणि आत्या, तुमचा कोंबडा पहाटे साडेतीनला माझ्या खिडकीत येऊन आरवतो. चार वर्षं. मी एक दिवस नीट झोपलेलो नाही. आणि आई, तीन नंबरची खोली गळते. पहिल्या पावसाळ्यापासून गळते. मी पलंग सरकवत सरकवत आता दारात झोपतो!"

"अगं बया," आशालताबाई म्हणाल्या. "मग सांगायचं न्हाई?"

"कुणाला सांगू? काका दर महिन्याला येतात आणि विचारतात, चाललंय ना बरं? चाललंय म्हणतो. सगळे असंच विचारतात. हे चालेल का, ते चालेल का. लहानपणापासून चालेल का!" तो गौतमीकडे वळला. रागाने त्याचे कान लाल झाले होते. "तूसुद्धा तेच विचारलंस. मी चालेन ना तुला. त्याला काय उत्तर देणार? पाहिजे का, म्हणून कुणी विचारलं? एकदा तरी?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! तू पाहिजेस मला. स्कूटी पंक्चर झाली ना तुझी, ती ढकलत आणली, तेव्हापासून पाहिजेस. रस्त्यात दोन पंक्चरवाले लागले होते. मी थांबलो नाही, तू बरोबर चालत होतीस म्हणून."

शेजारणींपैकी एक फिसकन हसली. चंद्राबाईने तिला कोपराने ढोसलं, पण हसू तिच्याही ओठांवर आलं होतं. गौतमी मात्र हसली नाही. तिने गुडघे पोटाशी घेतले आणि त्यांवर हनुवटी टेकून त्याच्याकडे बघत बसली, जणू तीन नंबरच्या खोलीत आजच कुणी नवं राहायला आलंय. आपण साधा प्रश्नही धड विचारला नव्हता आणि उत्तर मिळत नाही म्हणून देवळात येऊन बसलो, ह्याची तिला लाज वाटली. आणि लाज वाटत असतानाच इतका आनंद झाला, की आता बोललो तर रडूच येईल असं तिला वाटलं.

शंभूने पडलेलं फूल तबकात उचलून तिच्यापुढे धरलं. रीतीप्रमाणे ज्याने विचारलं त्याने ते घ्यायचं. घेतलं, की कौल पावला.

"काय करायचं, पोरी? घेतीस?"

गौतमीने मान हलवली. "नको, आप्पा. देवाला म्हणावं माफ कर. उगीच त्रास दिला सकाळी सकाळी."

"आता गं काय व्हायचं?" शेजारीण कुजबुजली. "देवानं तर न्हाई म्हटलंय."

आशालताबाई पदर खोचून उठल्या. अशा वेळी त्यांचं डोकं विजेसारखं चालायचं.

"न्हाई म्हटलंय ते नोकरीला! चंद्रावन्सं, तुमास्नीच सांगितलं ना पोरीनं, नोकरी सोडू का म्हून इचारतीय? देव म्हनला, न्हाई, सोडू नगं. बराबरच हाय देवाचं. सांगा गावात."

चंद्राबाईने क्षणभर विचार केला. लग्न मोडल्याची बातमी मोठी होती खरी, पण पुरणाच्या जेवणावर पाणी सोडावं लागलं असतं, आणि तिची मांडवातली पुढची खुर्चीही ठरलेली होती.

"व्हय की," ती म्हणाली. "नोकरीचाच कौल हुता. म्या सोता ऐकलं. आन् कोंबडा उद्यापासून डालग्याखाली घालते, बाबा. एवढं वरडू नगंस."

शंभू गुरवाने सुटकेचा श्वास टाकला आणि उजव्या खांद्यावरची कळी सोडवायला घेतली. ती काही निघेना. शेवटी त्याने पळीचं टोक घातलं.

पियूष पायरीवर जाऊन बसला होता. राग उतरला तसा त्याचा चेहरा पडला. इतकी माणसं, गाभाऱ्यासमोर, आणि आपण काय काय बोललो, हे त्याला एकेक करून आठवत असावं. त्याने हेल्मेट मांडीवर घेतलं, परत खाली ठेवलं.

"चला घरी," आशालताबाई म्हणाल्या. "हापिसं तर बुडालीच तुमची. गरमागरम न्याहारी करा दोघंबी. पोहे टाकते. पोहे चालत्याल ना, जावईबापू?"

"चा..."

"थांब, आई," गौतमी म्हणाली. "असं नको विचारू."

ती येऊन त्याच्या समोर उभी राहिली. "पियूष, काय पाहिजे तुला खायला?"

त्याने वर पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. आशालताबाई थांबल्या. चंद्राबाई थांबली, शेजारणी थांबल्या, आणि पळी हातात घेऊन शंभू गुरवही गाभाऱ्यातून डोकावला. पियूष कपाळाला आठ्या घालून खरोखरच विचार करत होता. हा प्रश्न त्याला कुणी शेवटचा कधी विचारला होता, आणि तेव्हा आपण काय सांगितलं होतं, ते त्याला आठवत नव्हतं.

"सांगतो," तो म्हणाला. "जरा वेळ दे."

गौतमी त्याच्या शेजारी पायरीवर बसली.